पोर्फियादा

पाळीव जनावरांची नावं सुचवू नयेत,
असं त्या कागदावर होतं.
मी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
मग टाईपरायटरवर पहिलं अक्षर दाबलं.

हे सांगायचं तर आधी किल्यायचा डोंगर सांगायला हवा.
वर पत्र्याचा घुमट, आत एक दुर्बीण,
आणि रस्ता म्हणावी अशी एक पायवाट.
काचा खाली यायच्या खेचराच्या पाठीवर,
मेंढीच्या लोकरीत, अंड्यांसारख्या जपून.
पुढे एलिसेओ काताल्दो, हातात कासरा,
मागे पोर्फियादा.
नावाचा अर्थच अडेलतट्टू,
आणि ती नावाला जागायची.

जुलैतल्या एका सकाळी ती जागची हलली नाही.
साखर दाखवली. शिव्या दिल्या. संतांची नावं घेतली.
चारी पाय रोवून उभी, कान मागे,
जणू डोंगराने तिच्याकडे काही गहाण ठेवलंय.
दुपार कलली. डॉन ओव्हिडियो म्हणाले, राहू दे.
शिल्लक एकच काच होती, कोपऱ्याचा टवका उडालेली.
दुसरं काम नाही म्हणून त्यांनी
आदल्या रात्रीचाच आकाशाचा तुकडा पुन्हा टिपला,
चाळीस मिनिटं,
एक हात दुर्बिणीवर, दुसरा काखेत.

मी तेव्हा सांतियागोत, तळघरात.
दर काचेमागे पैसे ठरलेले, डोळ्यांचे वेगळे नाहीत.
माझं यंत्र दोन काचा आलटून पालटून दाखवायचं,
ही रात्र, ती रात्र,
टक्. टक्. टक्.
हजारो तारे आपापल्या जागी,
आणि खाली डावीकडे, त्या टवक्यापासून बोटभर अंतरावर
एक कण उडी मारत होता.
इकडे. तिकडे. इकडे.
मला वाटलं, धूळ. फुंकर मारली.
धूळ असती तर गेली असती.

तार गेली. उत्तरात वर्ष आणि दोन अक्षरं आली,
कैद्याला देतात तशी.
मंगळ आणि गुरूच्या मधला एक दगड.
तिथे म्हणे गर्दी आहे,
पण शेजाऱ्याला शेजारी आयुष्यात दिसत नाही.
मग तो हरवला. चार वर्षांनी सापडला,
पुन्हा हरवला. डॉन ओव्हिडियो खोकत खोकत
त्याची वाट कागदावर काढत राहिले,
आणि पक्का क्रमांक आला तेव्हा
ते जाऊन दोन हिवाळे झाले होते.
पाकीट माझ्या टेबलावर आलं.
त्या खोलीत दुसरं टेबल उरलं नव्हतं.

एलिसेओला विचारलं, तुझं नाव देऊ?
म्हणाला, माझं नाव वाण्याच्या वहीत आहे, तेवढं पुरे.
तिचं द्या.
ती चालली असती तर दुसरी रात्र कुठली?

म्हणून मी लिहिलं :
'स्पॅनिश विशेषण. दोनदा हरवूनही
पुन्हा सापडायचं ज्याने सोडलं नाही,
अशा दगडासाठी.'
यात एक शब्द खोटा नाही.
खेचराचा उल्लेख नाही, इतकंच.
चार महिन्यांनी होकार आला.
खालची सही कुणाची, वाचता आली नाही.

परवा एलिसेओ आला, काठी टेकत.
पोर्फियादाला त्याने ओढ्याकाठी पुरलं,
त्यालाही आता वीस वर्षं झाली.
म्हणाला, दाखवा.
गच्चीवर नेलं. तूळ राशीच्या जरा खाली बोट केलं,
म्हटलं, इथे. पण दिसायची नाही.
त्याने हरकत घेतली नाही.
मान वर करून उभा राहिला,
त्या सकाळी वाटेवर राहिला असेल तसा,
ओढून काही होत नाही हे कळल्यावर
कासरा सैल सोडून.
बऱ्याच वेळाने जिभेने टाळूवर आवाज केला,
टक्.

'चालतेय का?'
'चालतेय.'
'आता बरी चालतेय,' तो म्हणाला,
आणि भिंत धरून जिना उतरायला लागला.